पायापुरता उजेड : अकोल्याच्या घरातल्या सेन्सर-दिव्यांच्या नोंदी

२ मार्च २०२५

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. वॉकर गेला, काठी आली. दिवसा ठीक चालतात. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, घोळ तिथे आहे. त्यांची खोली मागची. खोलीच्या बाहेर साडेपाच मीटरचा बोळ आणि बोळाच्या टोकाला दोन पायऱ्या उतरून न्हाणीघर. बोळातल्या दिव्याचं बटण खोलीबाहेर, उघडलेल्या दाराच्या मागे. म्हणजे आधी दार उघडायचं, बाहेर यायचं, दार परत ओढायचं, काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्याने भिंत चाचपायची. घर १९८४चं. बटण तिथे का बसवलं ते आजोबांनाच ठाऊक.

सध्या बोळात ९ वॅटचा एलईडी रात्रभर जळतो. दारावरच्या काचेतून त्याचा उजेड थेट आईच्या तोंडावर येतो. मग ती उठून तो बंद करते, बाबा अंधारात उठतात आणि सकाळी चहाबरोबर दोघांचं वाजतं.

हवं आहे ते एवढंच: बाबांनी पलंगावरून पाय खाली टाकला की पलंगाखालची पट्टी लागावी. बोळात आले की तिथला दिवा मंद लागावा. परत येऊन पडले की सगळं बंद. बटण नाही, मोबाईल नाही. आणि भिंत फोडून वायर ओढायची नाही, कारण दिवाळीत रंग दिलाय आणि आईने भिंतींना हात लावायची बंदी घातलीय. म्हणून सेन्सर बिनतारी, सेलवर चालणारे.

मागवलं: झिगबीचे (कमी विजेवर चालणारी बिनतारी जोडणी) हालचाल ओळखणारे तीन मोशन सेन्सर, दोन मंद होणारे बल्ब, एक एलईडी पट्टी तिच्या कंट्रोलरसकट, संगणकाला लावायचा झिगबीचा यूएसबी डोंगल. रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक घरात पडून होताच.

५ मार्च

रास्पबेरी पायवर होम असिस्टंट चढवलं, घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि मुख्य म्हणजे सगळं घरातल्या घरात चालतं. आमच्याकडे इंटरनेट आठवड्यातून एकदा तरी बसतं. बाबांना रात्री दिवा लागावा म्हणून आधी परदेशातल्या कुठल्या सर्व्हरला विचारायला जाणारी व्यवस्था मला नको होती.

डोंगल पायच्या निळ्या यूएसबी खणात थेट लावला, तर समोर ठेवलेला बल्बसुद्धा सापडेना. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि झिगबी नेमकं तिथेच बोलतं. काळ्या खणात लावून मध्ये दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल घातली, डोंगल कपाटावर उभा केला. लगेच सापडलं.

चॅनेलही आत्ताच ठरवून टाकला. झिगबीला २.४ गिगाहर्ट्झमध्ये ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत आणि वायफाय त्यांच्यावरच पथारी पसरून बसतं. आमचा राउटर १ वर, शेजारचे दोन्ही ६ आणि ११ वर. २५ त्यातल्या त्यात मोकळा, तो घेतला. नंतर बदलला तर सगळी उपकरणं नव्याने जोडत बसावं लागायची शक्यता असते, म्हणून हे पहिल्या दिवशीच.

९ मार्च

तिन्ही सेन्सर जोडले. आगपेटीपेक्षा थोडे मोठे, पुढे दुधी रंगाची फुगीर टोपी. बाबा तासभर शेजारी बसून पाहत होते. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेत. यंत्र उघडलं की ते खुर्ची ओढतातच.

त्यांना समजावताना मलाही नीट समजलं. हा सेन्सर काही सोडत नाही, नुसता पाहतो. आपलं अंग उष्णतेचे किरण सोडतं, साधारण ९-१० मायक्रोमीटर तरंगलांबीचे. आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर बेरीज शून्य. एकावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडली तर सिग्नल. दुधी टोपी म्हणजे फ्रेनेल भिंग, ते समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे तुकडे पाडतं. माणूस एका तुकड्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या दोन तुकड्यांवर उष्णता आळीपाळीने पडते.

बाबांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन गोधडी घेऊन आले. ती दोन्ही हातांनी स्वतःपुढे पडद्यासारखी धरली आणि हळूहळू सेन्सरसमोरून गेले. काही नाही. मग गोधडीच्या वरून नुसती बोटं काढून हलवली. सेन्सरचा निळा ठिपका चमकला. नंतर खिडकीची काच लावून पलीकडून हात हलवून पाहिला. डोळ्यांना स्वच्छ दिसतो, सेन्सरला नाही. काच हे किरण अडवते. "म्हणजे याले मानूस दिसतच नाई," बाबा म्हणाले. "याले गरम-थंड दिसते."

हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून लिहून ठेवलं.

१२ मार्च

पलंगाखालचा सेन्सर पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथून त्याला गादी दिसत नाही, फक्त फरशी दिसते. झोपेत कूस बदलली तरी पट्टी लागत नाही, पाऊल टेकलं की लागते. पहिल्याच प्रयत्नात जमलं. पट्टी पलंगाच्या चौकटीला आतून चिकटवली, म्हणजे उजेड फरशीवर पडतो, डोळ्यात येत नाही. ५ टक्के, २७०० केल्विनचा पिवळा.

बोळातला सेन्सर मात्र चुकीच्या जागी लावला होता. टोकाच्या भिंतीवर, येणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर. वाटलं, समोरून सगळा बोळ दिसेल. पण सरळ चालत येणारा माणूस भिंगाच्या एकाच तुकड्यात राहतो, आडवा जात नाही. बाबा अर्धा बोळ पार करून आले तेव्हा दिवा लागला. संध्याकाळी काढून बोळाच्या मध्यावर, खोलीच्या बाजूच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला लावला. आता प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून आडवा जातो. तिसऱ्या पावलाला लागतो.

१५ मार्च

काल धुळवड, भाचे आले होते. दिवसभरात सेन्सरसमोर नाचून नाचून त्यांनी दिवा दोनशे वेळा लावला असेल.

रात्री मात्र लागला नाही. कारण सोपं: झोपताना बाबांनी बोळातलं बटण बंद केलं. चाळीस वर्षांची सवय. खोलीतून शेवटचा बाहेर पडणारा बटण बंद करतो, असं आम्हालाही त्यांनीच शिकवलंय. बटण बंद म्हणजे बल्बाला वीजच नाही. सेन्सरने कितीही सांगितलं तरी तो काय करणार? शिवाय झिगबीत वीजेवरचे बल्ब पुढच्यांचे निरोप पोचवायचंही काम करतात. बोळातला बल्ब मेला की त्याच्या आडून बोलणारा पलंगाखालचा सेन्सरही मुका झाला. एका बटणात दोन्ही दिवे गेले.

बटणावर चिकटपट्टी लावली. सकाळी आईने काढून टाकली. "घाण दिसते."

२३ मार्च

चिकटपट्टी हा उपाय नव्हताच. बटण राहिलं पाहिजे, दाबलं की काहीतरी झालंही पाहिजे, पण त्याने बल्बाची वीज तुटता कामा नये. बोर्डाच्या आत काडेपेटीएवढं मॉड्यूल बसवायचं. बल्बाला कायम फेज (वीज आणणारी वायर), आणि बटण फक्त मॉड्यूलला निरोप देणार.

या मॉड्यूलला स्वतः जगायला न्यूट्रल (वीज परत जायची वायर) लागतो आणि आपल्याकडच्या बोर्डांत तो असेलच असं नाही. बटणापर्यंत फेज येते आणि बल्बाकडे जाते, न्यूट्रल परस्पर वरून जातो. पण ज्या बोर्डावर पाच अँपिअरचा प्लग आहे तिथे न्यूट्रल असतोच, प्लगला तो लागतो. बोळाच्या बोर्डावर प्लग आहे, मिक्सर बिघडला की आई तिथेच लावून बघते. खोलीच्या बोर्डावर नुसती बटणं आणि पंख्याचा रेग्युलेटर, तिथे नाही.

वायरमनला बोलावलं होतं, पण तो येईपर्यंत बाबांनी एमसीबी पाडून बोर्ड उघडलाही होता. आत लाल आणि काळ्या वायरी, जुन्या रंगाच्या. पुन्हा एमसीबी चढवून लालवर टेस्टर लावला, पेटला. काळीवर पेटला नाही. मला वाटलं झालं, हाच न्यूट्रल. बाबांनी मान हलवली. टेस्टर पेटला नाही म्हणजे न्यूट्रल असं नाही, तुटलेली वायरही पेटत नाही. होल्डरला वायरचे दोन तुकडे जोडून केलेला टेस्ट लॅम्प त्यांनी खोक्यातून काढला, एक टोक लालला, एक काळीला. बल्ब लख्ख पेटला. मग म्हणाले, आता म्हण.

मॉड्यूल वायरमनने बसवलं. बाबांना स्टुलावर चढू दिलं नाही, त्यावरून थोडं झालं.

आता बटण दाबलं की बोळातला दिवा पूर्ण उजेडात लागतो, परत दाबलं की सेन्सरच्या हवाली होतो. बाबा रात्री बटण बंद करतात, टक आवाज येतो, त्यांचं समाधान होतं आणि दिव्याचं काही बिघडत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

पहाटे पावणेतीनला वीज गेली आणि चार मिनिटांनी आली. वीज आल्यावर बोळातला बल्ब, माझ्या खोलीतला बल्ब आणि पलंगाखालची पट्टी, सगळं एकदम शंभर टक्के पांढरं. आई "कोन हाय?" म्हणत उठून बसली. बाबांनी काठी उचलली होती, चालायला नव्हे.

दोन चुका. पहिली, असे बल्ब वीज परत आली की पूर्ण पेटतात, कारण साध्या बल्बाकडून लोकांची तीच अपेक्षा असते. सेटिंगमध्ये ते बदलून 'आधी होता तसा' केलं. दुसरी, बोळाची लाइन इन्व्हर्टरवर आहे, मग तिथला बल्ब बंद पडायलाच नको होता. इन्व्हर्टरच्या मागचं छोटं बटण पाहिलं तर ते साध्या मोडवर. त्यात वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जरा वेळ लागतो. पंख्याला चालतं, रास्पबेरी पायला चालत नाही, तो पुन्हा सुरू होत बसतो. बटण यूपीएसकडे सरकवलं. मुद्दाम मेन पाडून तीनदा पाहिलं. रास्पबेरी पाय टिकला.

मग गुढी उभारली. श्रीखंड आणलेलं होतं, केलेलं नव्हतं.

७ एप्रिल

बाबांची तक्रार: दिवा मध्येच जातो, आणि हात हलवला तरी येत नाही.

मी दिवा ३० सेकंदांनी बंद होईल असं ठेवलं होतं. पण हा सेन्सर सेल वाचवायला एकदा हालचाल कळवली की ६० सेकंद डोळे मिटून बसतो. म्हणजे दिवा तिसाव्या सेकंदाला गेला तर पुढची तीस सेकंदं समोर कोणी लेझीम खेळलं तरी उपयोग नाही. बंद व्हायची वेळ ९० सेकंद केली. आता दिवा जाण्याआधी सेन्सर निदान एकदा जागा झालेला असतो.

बाबांनी विचारलं की पलंगाखालच्या सेन्सरवरच बोळातलाही दिवा का लावत नाहीस. चांगला प्रश्न, तसं करूनही पाहिलं. जाताना उत्तम. पण न्हाणीघरात पाच मिनिटं लागली तर येताना बोळ अंधारा, कारण पलंगाखाली तेव्हा कोणी हललेलं नसतं. बोळाला स्वतःचा डोळा पाहिजेच.

१९ एप्रिल

कूलर लागला. खिडकीत बसवला, नवीन वाळा भरला, पंप सुरू झाला आणि पहिल्या झुळकेबरोबर बोळातला दिवा पेटला. मग दर दीड-दोन मिनिटांनी.

कूलरची हवा दारातून बोळात येते आणि दाराचा पडदा बाहेर फुगवते. पडदा गार, मागची भिंत गरम. हलणारा गारवा सेन्सरच्या लेखी हलणारा माणूसच. पडदा खाली दोरीने बांधला. थांबलं.

२४ एप्रिल

रात्रभर दिवा चालू, पडदा बांधलेला. सकाळी पाहिलं तर सेन्सरच्या डोक्यावर पाल. पाल थंड रक्ताची, लांबून सेन्सरला दिसायची नाही. पण भिंगालाच पोट लावून बसली तर दुसरं काय होणार? दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी पाल येते, पाल हलली की दिवा लागतो, दिवा लागला की आणखी किडे. बाईने स्वतःसाठी खानावळच उघडली होती. सेन्सरवर पत्र्याची छोटी उतरती टोपी लावली, तिच्यावरून ती घसरते.

४ मे

गेला आठवडा बोळातला सेन्सर धड चालत नाही. कधी लागतो, कधी लागत नाही. सेल नवीन घातला. सिग्नल चांगला आहे. सेन्सर काढून माझ्या खोलीत आणला की तिथे ठणठणीत. परत बोळात लावला की रुसतो. दुपारी मी स्वतः दहा वेळा ये-जा केली, दहाही वेळा लागला.

"रातच्याला नाई लागत," बाबा म्हणतात. मी म्हटलं, कधी ते नक्की सांगा, त्याशिवाय कळणार नाही.

९ मे

बाबांनी सांगितलं नाही, लिहून ठेवलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळा. लागला की टिंब, नाही लागला की फुली. पाच रात्रींच्या चौदा खेपा. फुल्या सहा, सगळ्या रात्री साडेदहा ते दीडच्या दरम्यान. पहाटे चारच्या पुढे एकही फुली नाही.

होम असिस्टंटमध्ये मी महिन्याभराचे आलेख साठवलेत, पण त्यांत फक्त लागलेला दिवा दिसतो. न लागलेला दिवा कुठल्याच आलेखात येत नाही. तो कॅलेंडरवर होता.

१० मे, रात्र

कोविडच्या वेळी घेतलेली कपाळाला लावायची तापाची गन शोधली. तिच्यात वस्तूचं तापमान मोजायचाही मोड असतो. बोळाची पश्चिमेची भिंत बाहेरची, नऊ इंची विटांची, दुपारभर तिच्यावर ऊन. सेन्सर समोरच्या, खोलीच्या बाजूच्या भिंतीवर आहे, म्हणजे तो रात्रंदिवस या पश्चिमेच्या भिंतीकडे पाहतो.

दुपारी ४ : भिंत आतून ३८.६. माझा हात ३५.८.
रात्री ११ : भिंत ३६.१. बाबांचा हात ३५.९, बनियन ३५.२.
रात्री १२.३० : भिंत ३५.७. हात ३५.६.
पहाटे ४.१५ : भिंत ३२.८. हात ३४.९.

सव्वाचार वाजता ही नोंद लिहिते आहे, आणि झोप गेली आहे. रात्री साडेबाराला भिंत आणि बाबा एकाच तापमानाचे होते. सेन्सरच्या दृष्टीने बोळात भिंत होती आणि तिच्यासमोरून भिंतच चालत गेली. दुपारी भिंत माणसापेक्षा गरम असते, तेव्हा माणूस गार डाग म्हणून दिसतो. पहाटे भिंत गार, माणूस गरम डाग. मधल्या दोन-तीन तासांत माणूस नाहीसा होतो.

मध्यरात्रीच का, तेही उघड आहे. इतकी जाड वीट दुपारभर साठवलेलं ऊन रात्रभर हळूहळू सोडते. निवत निवत ती मध्यरात्रीच्या सुमाराला अंगाच्या तापमानाला येते. अकोल्यात लहानाची मोठी झाले, उन्हाळ्यात रात्री भिंतीला टेकू नये हे पाठ आहे, आणि तरी सेन्सर त्याच भिंतीकडे तोंड करून लावला.

गोधडीच्या दिवशी बाबा जे बोलले ते हेच होतं.

११ मे

उपाय एक स्क्रू काढून दुसरीकडे बसवण्याएवढा निघाला. सेन्सर उचलून पश्चिमेच्या गरम भिंतीवर लावला, म्हणजे आता तो खोलीच्या भिंतीकडे पाहतो. तिच्या पलीकडे कूलर चालतो. रात्री ११ ला ती भिंत ३०.९. तिच्यासमोरून जाणारा माणूस पाच अंशांनी गरम. सेन्सर स्वतः गरम भिंतीवर बसलाय याने बिघडत नाही, आतले दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि बेरीज शून्यच राहते.

दुहेरी चिकटपट्टी मात्र गरम भिंतीवर टिकेना. चुन्याचा थर घेऊन सोलून आली, सेन्सर खाली पडला. शेवटी ड्रिल. आई देवळात गेली असताना.

आणि आता सेन्सरच्या समोर, डाव्या बाजूला, दार आणि तो पडदा. दोरी असूनही फुगतो. काळी इन्सुलेशन टेप कापून भिंगाच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागावर लावली, दाराकडचे तुकडे झाकले. बाबा दार ओलांडून दुसऱ्या पावलाला दिसतात, पडदा दिसत नाही. टेपची पट्टी तीनदा कापावी लागली. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की समोर हातभर जागा झाकली जाते किंवा उघडी पडते.

१८ मे

सात रात्री, एकोणीस खेपा, एकोणीस टिंबं. उन्हाळा आहे तसाच आहे.

८ जून

मृग लागला. कूलर अजून काढलेला नाही. नोंद करण्यासारखं काही नाही.

१५ जून

तिसरा सेन्सर देवघरासाठी आणला होता. देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात प्लायवुडच्या पार्टिशनने काढलेली जागा. आई पहाटे तिथे बसते. समईचा उजेड तिला पुरतो, पण पोथीला पुरत नाही.

आधी सेन्सर समोर लावला. समईची ज्योत हलली की त्याला हालचाल दिसायची, दिवा कधी जाईचना. मग वर, आईच्या डोक्यामागे लावला. आता जप सुरू झाला की दिवा जायचा. जपात हलतो फक्त अंगठा. "मेरुमणी याच्या आत अंधार होते," आईने सांगितलं, आणि हेही की तिला याचं काही वाटत नाही, मलाच फार हौस आहे.

तिथे पीआयआरचं, म्हणजे या उष्णता पाहणाऱ्या सेन्सरचं, काम नाही. रडारचा छोटा सेन्सर घेतला, एलडी२४१०, २४ गिगाहर्ट्झचा. हा स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरीतला फरक मोजतो. श्वासाने छाती हलते तेवढंही त्याला पुरतं. सेलवर चालत नाही, मोबाईलच्या चार्जरवर चालवावा लागतो. ईएसपी३२ या वायफायच्या छोट्या बोर्डाला जोडला, ईएसपीहोम या सॉफ्टवेअरने होम असिस्टंटमध्ये आणला. तो झिगबीवर नाही, घरातल्या नेहमीच्या वायफायवर बोलतो.

पण तो प्लायवुडमधूनही पाहतो. पार्टिशनच्या मागे माझं कामाचं टेबल. मी सकाळी नऊला कामाला बसले की देवघरात दिवा. आई म्हणाली, देवाला वाटत असेल तू त्याच्यासाठीच बसलीस. हा सेन्सर अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे कप्पे पाडतो आणि प्रत्येक कप्पा वेगळा बंद करता येतो. पहिले दोन ठेवले, पुढचे सगळे बंद केले. दीड मीटरपलीकडे कोण बसलंय ते आता त्याला कळत नाही. वरचा पंखा चालू असला तर अजून कधी कधी फसतो. पूजेच्या वेळी समई विझते म्हणून आई पंखा लावतच नाही, त्यामुळे चाललंय.

२९ जून

बाबांनी हिशेब मागितला. आधी बोळात ९ वॅटचा दिवा रात्री दहा ते सहा: ७२ वॅट-तास. आता पाय चोवीस तास, साडेतीन वॅटच्या आसपास: ८४. बल्ब, पट्टीचा अडॅप्टर आणि रडार नुसते वाट बघत बसतात त्याचे मिळून दीड-दोन वॅट धरले तर आणखी चाळीसेक. महिन्याला दीड-दोन युनिट जास्तच जळतात. वीज वाचते असं हे सेन्सर विकणारे सांगतात, मीही मार्चमध्ये आईला सांगितलं होतं. बाबा बराच वेळ हसत होते.

सेलचं: पलंगाखालचा सेन्सर अजून १०० टक्के दाखवतो. त्याच्यावर विश्वास नाही. या गोल लिथियम सेलचा दाब शेवटपर्यंत तीन व्होल्टच्या आसपास राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो, त्यामुळे टक्के बरेच महिने खोटं बोलतात. टोपीच्या आत मार्करने तारीख लिहिली. सेल सीआर२४५०, म्हणजे साधारण २४ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे २०३२ मिळतो, हा नाही. चार आणून डब्यात ठेवले.

६ जुलै, आषाढी

उपासाची भगर. बाबा काठीशिवाय तुळशीपर्यंत जाऊन आले.

कूलर काढला, वाळा काढला. खोलीच्या भिंतीमागे आता गारवा नाही. काल रात्री ११ ला गनने पाहिलं: खोलीची भिंत २९.४, पश्चिमेची २९.८. दोन्हीकडे सारखंच, आणि अंगापेक्षा दोन्ही पुरेशा गार. सेन्सर परत फिरवायची गरज नाही. पडदाही आता फुगत नाही, तेव्हा भिंगावरची टेप काढली. पुढच्या एप्रिलसाठी तिचा कापलेला आकार कागदावर गिरवून ठेवला आहे.

राहिलंय: जिना. तिथे बोर्डावर प्लग नाही, म्हणजे न्यूट्रल नाही, भिंत फोडावी लागेल. आईला अजून सांगितलेलं नाही. वायरमन गणपती झाल्यावर येतो म्हणाला.